वजन उतरलं, पण आता त्रास कुणाला सांगू?

नमस्कार डॉक्टर,

माझं वय ४४. अडीच वर्षांपूर्वी वजन कमी करण्यासाठी माझी बायपास शस्त्रक्रिया झाली. तेव्हा वजन ११८ किलो होतं, ते ७६ पर्यंत उतरलं. मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या, झोपेत श्वास अडकायचा तो थांबला. पहिलं वर्ष फार आनंदात गेलं. पण गेलं वर्षभर काही ना काही चालूच आहे. जेवून दीड-दोन तास झाले की अचानक घाम फुटतो, हात थरथरतात, समोरचा काय बोलतोय ते कळेनासं होतं. एकदा ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलता बोलता मी स्वतःचंच वाक्य अर्ध्यावर विसरले. तळपायांना मुंग्या येतात. सतत थकवा असतो. महिन्यातून दोन-तीनदा पोटात अशी कळ येते की वाकून बसावं लागतं, पण तासाभरात आपोआप थांबते म्हणून कुणाला सांगत नाही. गुडघ्यासाठी अधूनमधून डायक्लोफिनॅक घेते. व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी मळमळायचं, म्हणून सात-आठ महिन्यांपासून त्या बंद केल्यात. केस गळतात म्हणून फक्त झिंकची गोळी चालू आहे, तीही मैत्रिणीने सांगितली म्हणून. वजन ६ किलो परत वाढलंय, त्या लाजेने फॉलो-अपला गेले नाही. घरी काही बोलायला जावं तर नवरा म्हणतो, ‘तुलाच करायचं होतं ना?’ सासूबाई म्हणतात, ‘चांगल्या शरीराची कापाकापी केली की असंच होणार.’ कधी कधी वाटतं, जाडी होते तेव्हाच बरी होते. हे ऑपरेशन उलटं करून घेता येतं का? आणि माझी १९ वर्षांची मुलगी आता म्हणते की तिलाही हेच करायचंय. तिला काय सांगू?

— एक वाचक

ताई,

एवढ्या तक्रारींमध्ये एक ओळ तुम्ही ओझरती लिहून टाकलीत, ती आधी घेते. पोटातली कळ. बाकीच्या गोष्टींसाठी आपल्या हातात थोडा वेळ आहे, हिच्यासाठी नाही. आधी सर्जनकडे फोन करा आणि मग हे उत्तर पुढे वाचा.

बायपासमध्ये जठराचा वरचा छोटासा भाग वेगळा करतात आणि लहान आतडं वर आणून त्याला जोडतात. आतड्यांची ही नवी मांडणी करताना त्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यांमध्ये फटी तयार होतात. सर्जन त्या टाके घालून बंद करतात, पण वजन उतरतं तशी पडद्यांतली चरबीही झिजते आणि फटी पुन्हा उघडू शकतात. आतड्याचं वेटोळं अशा फटीत सरकलं की जीवघेणी कळ येते, आणि ते आपोआप मागे आलं की कळ थांबते. याला इंटर्नल हर्निया म्हणतात. बाहेरून गाठ दिसत नाही, पोट दाबून पाहिलं तरी बऱ्याचदा काही हाताला लागत नाही, आणि कळ नसताना काढलेला सीटी स्कॅनही नॉर्मल येऊ शकतो. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी होतो तसा काही वर्षांनीही होतो. कळ थांबते म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पण एखाद्या दिवशी वेटोळं अडकूनच राहिलं, तर काही तासांत आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो.

तुम्हाला हेच झालंय असं पत्रावरून मी सांगू शकत नाही. भराभर वजन उतरलेल्यांना पित्ताशयात खडे होतात, त्यानेही कळ येते. ते सोनोग्राफीत दिसतात. जोडाच्या जागी अल्सर झाला असेल तर त्याचंही दुखणं असतं. पण ज्याची बायपास झाली आहे आणि ज्याला येऊन-जाऊन कळ येते, त्याच्या बाबतीत इंटर्नल हर्निया नाही हे आधी सिद्ध करायचं असतं. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, ॲसिडिटी असेल’ एवढ्यावर परत येऊ नका. अशा शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननेच पाहायला हवं, आणि कधी कधी दुर्बिणीतून (लॅपरोस्कोपीने) आत बघितल्याशिवाय खात्री होत नाही. पुढची कळ तासा-दोन तासांत थांबली नाही, सोबत उलट्या झाल्या, पोट फुगलं किंवा ताप आला, तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हेच म्हणा: ‘माझी बायपास शस्त्रक्रिया झालेली आहे, वजन कमी करण्याची.’ नुसतं ‘बायपास’ म्हटलं तर लोक हृदयाचं समजतात. ऑपरेशनच्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, नवऱ्याच्याही मोबाइलमध्ये ठेवा.

त्याला लागूनच गुडघ्याची गोळी. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन या जातीच्या गोळ्या बायपासनंतर आयुष्यभर टाळायच्या असतात. जठराचा छोटा कप्पा आणि आतडं जिथे जोडलेलं असतं, तिथे या गोळ्यांनी अल्सर होतो. तो रक्ताळतो, क्वचित फुटतोही. धूम्रपानानेही नेमकं तेच होतं. शौचाला डांबरासारखं काळं होत असेल तर ते आजच सांगा. तुम्ही लोहाची गोळी घेत नाही, त्यामुळे काळ्या रंगाला ते निमित्त उरत नाही. गुडघ्यासाठी तूर्त पॅरासिटामॉल, सांगितलेल्या प्रमाणातच, आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. आणखी एक, कारण लोक यात गल्लत करतात: हृदयासाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिली असेल तर ती मनाने बंद करायची नाही, त्यांना विचारूनच ठरवायचं. कुठल्याही दवाखान्यात दुखण्यावर इंजेक्शन देऊ लागले तर तेही कोणतं आहे ते विचारा. इंजेक्शन पोटातून जात नसलं तरी अल्सर करू शकतं.

आता घाम आणि थरथर. जेवून दीड-दोन तास, घाम, हात कापणं, आणि मग डोकं बंद पडल्यासारखं होणं, हे वर्णन रक्तातली साखर एकदम खाली येण्याचं आहे. अनेक जणींना यासाठी ‘घाबरल्याचा झटका आहे, मन शांत ठेवा’ असं सांगून परत पाठवलेलं मी पाहिलंय, आणि दर वेळी मला त्याचं फार वाईट वाटतं. मनाचा यात काही दोष नसतो. बायपासनंतर अन्न जठरात रेंगाळत नाही, ते लगेच लहान आतड्यात उतरतं. त्यामुळे साखर झपाट्याने चढते, आतड्यातली संप्रेरकं स्वादुपिंडाला जोरात कामाला लावतात आणि गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सुटतं. अन्नातली साखर संपते, इन्सुलिन मात्र अजून शिल्लक असतं. मग तुम्ही लिहिलंय ते सगळं होतं, साधारण एक ते तीन तासांच्या आत. जेवल्या-जेवल्या, अर्ध्या तासात जी धडधड, पोटात मुरडा आणि जुलाब होतात, तो डम्पिंगचा, म्हणजे अन्न आतड्यात भराभर उतरल्याने होणाऱ्या त्रासाचा, वेगळा प्रकार. त्यात आतड्यात एकदम पाणी खेचलं जातं. तो शस्त्रक्रियेनंतर लवकर दिसतो. साखर पडण्याचा प्रकार बऱ्याचदा वर्ष उलटून गेल्यावर सुरू होतो, म्हणून त्याचा ऑपरेशनशी संबंध असेल हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

ग्लुकोमीटर तुमच्या घरात असेलच, मधुमेहाच्या दिवसांतला. पट्ट्यांची तारीख बघा, उलटून गेली असेल तर नव्या आणा आणि तो पर्समध्ये ठेवा. पुढच्या वेळी घाम फुटला की आधी बोट टोचा, आकडा लिहा, मग साखर घ्या. शुद्ध हरपतेय असं वाटलं तर मात्र आधी साखर, आकडा नंतर. वहीत एवढंच लिहायचं: ‘१:१० पांढरा ब्रेड, जॅम, फळांचा रस. २:५० घाम, थरथर, शब्द आठवेना. मीटर ४८. साखरपाणी. ३:०५ मीटर ८१.’ अशा पाच-सहा ओळी घेऊन गेलात की डॉक्टरांना तुमच्या त्रासाचा अंदाज बांधत बसावं लागत नाही. आकडा ७० च्या खाली म्हणजे साखर कमी, ५४ च्या खाली म्हणजे धोक्याची.

साखर पडलीच तर १५ ग्रॅम साखर घ्यायची, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. पण बहुतेक जण इथेच चकतात. बरं वाटावं म्हणून मूठभर गोड खातात, त्याने साखर पुन्हा उसळते, पुन्हा इन्सुलिन सुटतं आणि दोन तासांनी तोच घाम. संध्याकाळपर्यंत तीन फेऱ्या होतात आणि वजनही वाढतं. तुमच्या ६ किलोंमध्ये या फेऱ्यांचा वाटा असला तर मला नवल वाटणार नाही. म्हणून साखर घेऊन आकडा वर आला की लगेच थोडं प्रथिनांचं खाणं घ्या: अंडं, दही, मूठभर शेंगदाणे. रोजच्या जेवणातही आधी प्रथिनं, मग भाज्या, आणि पिष्टमय पदार्थ शेवटी आणि थोडे. साखर घातलेली पेयं आणि फळांचे रस एरवी बंदच. जेवताना पाणी नको. जेवणानंतर अर्धा तास जाऊ द्या. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी. एवढ्याने पुष्कळांचा त्रास आटोक्यात येतो. नाही आला तर औषधं आहेत. अकार्बोज नावाची मधुमेहाची जुनी गोळी पिष्टमय पदार्थांचं पचन लांबवते, ती इथे उपयोगी पडते. त्यापुढची इंजेक्शनंही आहेत. ते तुमचे डॉक्टर ठरवतील, पण असं औषध असतं हे तुम्हाला माहीत असायला हवं, म्हणजे ‘सहन करा’ हे उत्तर तुम्ही मान्य करणार नाही.

निदान होईपर्यंत जेवणानंतरच्या तीन तासांत गाडी चालवू नका. आणि कुणी ग्लुकोजचं पाणी प्यायला देऊन तपासणी करू म्हटलं, तर बायपास झाल्याचं सांगा. ती तपासणी तुमच्यासारखीसाठी योग्य नाही, तिच्यानेच जोरदार झटका येऊ शकतो. साधं मिश्र जेवण देऊनही हे तपासता येतं.

मुंग्यांबद्दल मी जरा कडक बोलणार आहे.

व्हिटॅमिनच्या त्या गोळ्या बंद करायच्या नव्हत्या. तुम्हाला हे कुणी नीट समजावलं नसेल याची मला कल्पना आहे. सुट्टी मिळताना एका कागदावर औषधांची यादी हातात पडते आणि ‘ताकदीच्या गोळ्या’ म्हणून ती लक्षात राहते. बायपासमध्ये लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो, आणि लोह, कॅल्शियम शोषून घ्यायची मुख्य जागा तीच. बी१२ शोषायला जठरातलं आम्ल आणि तिथलाच एक स्राव लागतो, त्यांची आणि अन्नाची गाठ आता धड पडत नाही. म्हणजे चांगलंचुंगलं खाऊनही ही तूट भरून निघत नाही. या गोळ्या आयुष्यभराच्या आहेत. शरीरात बी१२चा साठा काही वर्षं पुरेल एवढा असतो, म्हणून पहिल्या वर्षी सगळं छान चालतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पायांना मुंग्या सुरू होतात. तुमची अडीच वर्षं त्यात चपखल बसतात.

झिंकची गोळी मात्र आजच थांबवा. झिंक जास्त झालं की शरीरातलं तांबं, म्हणजे कॉपर, कमी होतं. आणि कॉपरची कमतरता हुबेहूब बी१२ सारखीच दिसते: मुंग्या, मग चालताना तोल जाणं, रक्तक्षय. बी१२ची इंजेक्शनं देऊनही चालणं सुधारत नाही म्हणून आलेल्या रुग्णाचं कॉपर तपासलं की ते पार तळाला गेलेलं सापडतं, असं घडतं. केस गळतात ते बहुतेकदा भराभर वजन उतरल्यामुळे, शस्त्रक्रियेनंतर तीन-सहा महिन्यांत, आणि ते परत येतात. अडीच वर्षांनीही गळत असतील तर लोह आणि प्रथिनं कमी पडताहेत का ते बघायचं. प्रथिनं दिवसाला किमान ६० ग्रॅम हवीत.

तपासताना डॉक्टर ट्यूनिंग फोर्क हातावर आपटून तुमच्या घोट्याच्या हाडावर टेकवतील. डोळे मिटून तुम्ही सांगायचं, कंपन कधी थांबलं ते. तुम्ही ‘थांबलं’ म्हणता तेव्हा डॉक्टरांच्या बोटांना तो अजून थरथरताना जाणवत असतो. मज्जातंतूंचं नुकसान असं सुरू होतं, काही न दुखता. लवकर उपचार झाले तर ते बऱ्यापैकी भरून येतं, उशीर झाला तर काही भाग तसाच राहतो. म्हणून मुंग्यांना फार तर आठवड्याची मुदत. तोवर ‘रक्त वाढवायला’ म्हणून नुसती फोलिक ॲसिडची गोळी घेऊ नका. तिने रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि बी१२चं नुकसान आत चालूच राहतं.

रक्त एकदाच देऊन सगळं बघून घ्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२, फोलेट, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन, अल्ब्युमिन, कॉपर, झिंक, थायमिन, शिवाय किडनी आणि यकृताच्या नेहमीच्या तपासण्या. हाडांची घनता कधी मोजायची तेही विचारा. रक्त दिलं की त्याच दिवशी गोळ्या सुरू करा, रिपोर्टची वाट बघू नका.

मळमळीवर उपाय आहेत. सगळ्या गोळ्या एकदम सकाळी रिकाम्या पोटी घेतल्या की कुणालाही मळमळेल. मल्टिव्हिटॅमिन थोडं खाऊन घ्या, नाहीतर झोपताना. चघळायच्या आणि पातळ स्वरूपातही मिळतात. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये किमान दोन तास हवेत, कारण दोन्ही एकमेकांच्या वाटेत येतात. लोहाच्या गोळीच्या आसपास चहा-कॉफी नको. कॅल्शियम सायट्रेट स्वरूपातलं बरं, कारण त्याला शोषलं जायला आम्लाची गरज कमी, आणि ते एका वेळी ५००-६०० मिलिग्रॅम असं विभागून घ्यायचं. दिवसाचं एकूण प्रमाण १२०० ते १५०० मिलिग्रॅम होतं. लोहाची गोळी काही केल्या सोसत नसेल तर ते शिरेतून देता येतं. बी१२चं महिन्याला एक इंजेक्शन घेतलं तर तेवढी एक गोळी वगळता येते. बाजारात सरसकट मिळणारी मल्टिव्हिटॅमिनची गोळी मात्र तुम्हाला पुरणार नाही, तिच्यातलं प्रमाण ज्यांची बायपास झालेली नाही त्यांच्यासाठीचं असतं.

उलट्यांबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी हे इथेच सांगते. अशा शस्त्रक्रियेनंतर काही दिवस सतत उलट्या होत असतील, तर थायमिन म्हणजे बी१ हा घाईचा विषय असतो. त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो. डोळ्यांना दोन-दोन दिसणं, चालताना झोकांड्या जाणं, बोलण्यात असंबद्धपणा येणं ही मेंदूवर परिणाम होत असल्याची लक्षणं. अशा वेळी ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी थायमिन द्यायला हवं, नाहीतर ग्लुकोजनेच प्रकृती आणखी बिघडते. सोबत जो नातेवाईक असेल त्याने हे डॉक्टरांना विचारायला अजिबात संकोचू नये.

आता ते ६ किलो. ११८ वरून ७६, आणि तिथून ८२. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी बहुतेकांचं वजन सगळ्यात खालच्या आकड्यावर टिकत नाही, काही प्रमाणात ते परत वाढतंच. तुम्ही आजही आधीपेक्षा ३६ किलोंनी हलक्या आहात. या ६ किलोंच्या लाजेने तुम्ही फॉलो-अप चुकवला, आणि त्यामुळे कळ, मुंग्या, घाम हे तिन्ही वर्षभर कुणीच तपासले नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं. यात आम्हा डॉक्टरांचाही दोष आहे. वजनकाट्यावर उभं करून आकडा मोठ्याने वाचायचा, भुवया उंचवायच्या, ‘काय खाता हल्ली?’ असं विचारायचं, हे अजून चालतं. पुढच्या वेळी तुम्हीच आधी सांगा: ‘वजनाचं नंतर बोलू. आधी मला होणारे हे तीन त्रास बघा.’ तुम्हाला तसं म्हणायचा हक्क आहे. आणि एखाद्या ठिकाणी तरीही कुणी टोमणा मारलाच, तर दुसरा डॉक्टर शोधा.

घरच्यांबद्दल. ‘तुलाच करायचं होतं ना?’ हे वाक्य मी इतक्या पत्रांत वाचते की आता त्याचा राग येतो. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला पुढे त्रास झाला तर हा प्रश्न कुणी विचारत नाही. लठ्ठपणा हा आजार आहे, तुम्हाला मधुमेह होता, झोपेत श्वास अडकत होता, आणि त्यावर तुम्ही मान्यताप्राप्त उपचार घेतलात. एडवर्ड मेसन आणि चिकाशी इतो या सर्जननी १९६६ साली पहिल्यांदा वजनासाठी ही बायपास केली. तेव्हापासून तिचे फायदे आणि तिचे त्रास, दोन्ही वैद्यकशास्त्राच्या ओळखीचे आहेत. तुम्हाला होतंय ते सगळं कुठल्या ना कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे, त्यावर उपचार लिहिलेले आहेत. ती शिक्षा नाही, त्यामुळे ती मुकाट भोगण्याचाही प्रश्न येत नाही.

नवऱ्याला पटवून देत बसू नका. त्यांना काम सांगा. ‘मी बोलताना अडखळले, विचित्र वागले, प्रतिसाद देईनासे झाले तर आधी माझं बोट टोचून साखर बघ. मला गिळता येत असेल तर साखरपाणी दे, शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता ॲम्ब्युलन्स बोलाव. पोटात कळ आली तर घड्याळ बघ, आणि दोन तासांवर माझं काही ऐकू नकोस, थेट हॉस्पिटलला ने.’ एवढं कागदावर लिहून फ्रिजला लावा. पुष्कळ माणसं भीतीपोटी असं बोलतात, आणि नेमकं काय करायचं ते कळलं की त्यांच्या बोलण्यातला चढा सूर उतरतो. सासूबाईंना तूर्त काहीच समजावू नका, तेवढी ताकद तुमच्यात सध्या नाही आणि ती आधी रक्ततपासणीला जाण्यासाठी हवी आहे.

‘जाडी होते तेव्हाच बरी होते’ असं तुम्ही लिहिलंत. लोह कमी, बी१२ कमी, दिवसातून दोनदा साखर पडतेय, अशा शरीरात मनही खचतंच. शिवाय या शस्त्रक्रियेनंतर काहींना नैराश्य येतं, काहींच्या मनात स्वतःला इजा करण्याचे विचार येतात, हे माहीत असलेलं आहे. तुमचे विचार कधी त्या टोकाला गेले तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा. ती पोटातल्या कळीइतकीच घाईची गोष्ट आहे. झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. बायपासनंतर गोळ्यांचं शोषण बदलतं, तेव्हा त्यांनाही ऑपरेशनचं सांगा. आणि मन हलकं करायला दारूकडे वळू नका. या शस्त्रक्रियेनंतर ती फार लवकर चढते, आणि व्यसन लागण्याचा धोका दुसऱ्या वर्षापासून वाढलेला आढळतो.

ऑपरेशन उलटं करता येतं का? बायपास तांत्रिकदृष्ट्या उलट करता येते. स्लीव्ह या वजन कमी करण्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग काढूनच टाकलेला असल्याने ती करता येत नाही. पण बायपास उलटवणं ही पहिलीपेक्षा अवघड शस्त्रक्रिया असते, तिचे स्वतःचे धोके असतात, आणि वजन व मधुमेह दोन्ही परतण्याची शक्यता असते. कुपोषण किंवा साखर पडणं कुठल्याच उपायाने आवरत नसेल तेव्हाच तिचा विचार होतो. तुमच्या बाबतीत तर अजून एकही उपाय सुरू झालेला नाही. तो प्रश्न मनात राहू द्या, सहा महिने उपचार घेतल्यावर सर्जनलाच विचारा.

आणि तुम्ही चूक केलीत का, हे तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण पत्रभर ते आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली लठ्ठ रुग्णांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला, चार हजारांहून जास्त माणसांचा. काहींनी शस्त्रक्रिया करून घेतली होती, काहींनी नाही. २००७ साली त्यातून जे प्रसिद्ध झालं त्यात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी होतं. त्याच अभ्यासात हेही दिसलं की दोन वर्षांनी ७२ टक्क्यांचा मधुमेह गेलेला होता, पण दहा वर्षांनी तो आकडा ३६ टक्क्यांवर आला. म्हणून तुमचीही साखरेची तपासणी दरवर्षी व्हायला हवी. शस्त्रक्रियेने तुम्हाला खरंच काही दिलं आहे आणि तिच्यामुळे तुम्हाला खरंच त्रास होतो आहे. यातलं एक मान्य करण्यासाठी दुसरं नाकारावं लागत नाही.

राहिली मुलगी. तिला आज हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. तिने आईला दोन कपड्यांच्या मापांनी लहान होताना पाहिलंय. भिंतीला धरून वाकलेली आई, गोळ्यांची न उघडलेली पाकिटं तिला दाखवलीच गेली नाहीत. फॉलो-अपला जाल तेव्हा सोबत नवऱ्याऐवजी तिला न्या. कळ कशी येते हे तुम्ही सर्जनला सांगाल, ते सगळं तिच्यासमोर सांगा, लपवू नका. मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या तेव्हा किती बरं वाटलं होतं, तेही सांगा. तिचे प्रश्न तिलाच विचारू द्या: तिच्या वजनाला आणि तब्येतीला ही शस्त्रक्रिया लागू होते का, आधी औषधांचा पर्याय आहे का, पुढे मूल हवं असेल तर किती थांबावं लागतं, आयुष्यभर गोळ्या आणि दरवर्षी रक्त द्यायची तिची तयारी आहे का. शस्त्रक्रियेनंतर गर्भधारणेसाठी साधारण १२ ते १८ महिने थांबायला सांगतात, हे तिच्या वयाच्या मुलीने आधीच ऐकलेलं बरं. निर्णय तिचा असेल, आणि तो पूर्ण माहितीवर घेतलेला असेल.

सर्जनकडची वेळ लवकरची मागा. नुसतं ‘फॉलो-अपसाठी’ म्हणालात तर महिन्यानंतरची तारीख मिळेल. ‘बायपास झाली आहे, पोटात येऊन-जाऊन कळ येते’ असं म्हणा. वेळ मिळाली की मला कळवा, आणि रिपोर्ट आले की तेही पाठवा.